माउस चालला म्हणजे पोर्ट ठीक, हे कुणी सांगितलं?

निळ्या यूएसबी पोर्टला, म्हणजे वेगवान यूएसबी ३.० पोर्टला, एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली आणि कॉम्प्युटरने ती ओळखलीच नाही, तर काय करायचं? यावरची 'सात पायऱ्यांची हमखास युक्ती' सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरते आहे. काल ती आमच्या घरच्या ग्रुपवर आली आणि खाली मामांनी लिहिलं, 'आज रात्री करून बघतो.' मामांच्या डिस्कवर घरातले सगळे जुने फोटो आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. त्यांना फोन करून थांबवलं. बाकीच्यांसाठी हे लिहितोय, कारण सातातल्या एका पायरीने डेटा जाऊ शकतो आणि आणखी एकीने पोर्ट.

पहिली पायरी अशी: 'त्याच पोर्टात माउस लावा. माउस चालला म्हणजे पोर्ट शंभर टक्के ठीक, दोष डिस्कमध्येच.'

सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे आणि तेच चूक आहे. निळ्या पोर्टात टॉर्च मारून बघा. आतल्या प्लास्टिकच्या जिभेवर टोकाशी पाच छोट्या सपाट पट्ट्या दिसतील आणि त्यांच्या मागे स्प्रिंगसारख्या चार. मागच्या चार म्हणजे जुनं यूएसबी २.०: पाच व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाच्या दोन तारा. पुढच्या पाच यूएसबी ३.० ने आणल्या: पाठवायची एक जोडी, घ्यायची एक जोडी आणि एक ग्राउंड. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० च्या मूळ स्पेसिफिकेशनमध्येच हे स्पष्ट आहे की एकाच केबलमधून दोन वेगळ्या बस, म्हणजे डेटाचे दोन मार्ग, शेजारी शेजारी धावतात, एक सेकंदाला ४८० मेगाबिटची आणि दुसरी ५ गिगाबिटची. माउस त्या पाच पट्ट्यांना शिवतसुद्धा नाही. त्या वाकल्या असोत, त्यांवर मळ बसलेला असो, मागचं सोल्डरिंग सुटलेलं असो, माउस दिवसभर मजेत चालेल.

विजेचंही तेच. माउसला १०० मिलिअँपिअरही लागत नाहीत. फिरत्या तबकडीची अडीच इंची डिस्क मात्र सुरू होताना पोर्टाच्या मर्यादेपर्यंत करंट ओढते. ही मर्यादा त्याच स्पेसिफिकेशनप्रमाणे २.० ला ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ला ९०० आहे. डिस्कला कान लावा. फिरायला लागते, 'टिक्' होतं, थांबते, पुन्हा फिरायला लागते, असं चाललं असेल तर आधी करंट कमी पडत असल्याचा संशय घ्या. तिला एक्स्टेंशन न लावता आखूड केबलने मागच्या पोर्टात लावा. हब वापरायचाच तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. पोर्टावरच जगणाऱ्या यूएसबी ३.० हबच्या एकेका तोंडाला नियमाप्रमाणे १५० मिलिअँपिअर मिळतात, त्यावर तबकडी फिरत नाही. वेगळ्या पोर्टात लावूनही टिकटिक थांबली नाही, तर मात्र बहुधा डिस्कच आजारी आहे. तेव्हा ती पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

खरी तपासणी एका वेळी एकच वस्तू बदलून होते. आधी केबल, मग पोर्ट, मग कॉम्प्युटर. पोर्ट तपासायला माउस नको, दुसरीकडे नीट चालणारा यूएसबी ३.० पेनड्राइव्ह घ्या आणि त्यावरून एक मोठी फाइल कॉपी करा. वेग सेकंदाला ३०-४० मेगाबाइटवर अडकला आणि दुसऱ्या मशीनवर तोच पेनड्राइव्ह १०० च्या वर जात असेल, तर पोर्ट २.० वर घसरलाय. प्लग अर्धवट बसला किंवा फार हळू सरकवला तरी हे होतं, म्हणून आधी काढून एका झटक्यात पूर्ण आत बसवून बघा.

केबलच्या बाबतीत सर्रास फसगत होते. टाइप-सी डिस्कला घरातली मोबाइलची चार्जिंग केबल लावली जाते. अशा बहुतेक केबलमध्ये फक्त २.० च्याच तारा असतात. दिसायला सारखी, आत अर्ध्या तारा नाहीत. डिस्कसोबत आलेलीच केबल वापरा.

डेस्कटॉपचे फक्त पुढचे निळे पोर्ट रुसले असतील आणि मागचे चालत असतील, तर कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचा १९ पिनांचा जाड कनेक्टर बघा. तो तिरका दाबला की पिना वाकतात, आणि जाड ताठ केबलमुळे तो हळूहळू वरही येतो.

आता दुसरी पायरी, जिच्यामुळे मी चिडलो. तिच्यातलं डिस्क मॅनेजमेंट म्हणजे डिस्क बघायचं-सांभाळायचं विंडोजमधलं साधन. 'डिस्क मॅनेजमेंट उघडा, इनिशियलाइझ विचारलं तर ओके करा, मग फॉरमॅट मारा, डिस्क नव्यासारखी चालेल.'

नव्यासारखी म्हणजे रिकामी, हे मेसेजमध्ये कुठेही लिहिलेलं नाही! विंडोज इनिशियलाइझ करायला का सांगतं? डिस्कच्या सुरुवातीचं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कवर कुठला भाग कुठे आहे याची यादी, त्याला वाचता आलं नाही म्हणून. ते पुसलं गेलेलं असू शकतं. पण जोड मधेच तुटत असेल किंवा करंट कमी पडत असेल, तरीही ते वाचता येत नाही. टेबल जागेवर शाबूत असतं, आणि तुम्ही ओके दाबून त्यावर नवं कोरं टेबल लिहिता. मग वर फॉरमॅट. म्हणजे केबलचा दोष होता आणि गेले फोटो.

तिथे दाबायचं बटण एकच, कॅन्सल. डिस्क दुसऱ्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही फाइल सिस्टिमच्या जागी 'रॉ' (म्हणजे फायलींची मांडणी ओळखता आली नाही) दिसत असेल तर तिच्यावर काहीही लिहू नका, विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं चेकडिस्कसुद्धा चालवू नका. आधी डीडीरेस्क्यूसारख्या, बिघडत्या डिस्कची नक्कल काढणाऱ्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रत काढायची आणि जे प्रयोग करायचे ते प्रतीवर. ते जमणार नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

या पायरीत एक गोष्ट बरोबर आहे, तेवढी मान्य करतो. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघणं योग्यच. कधी कधी पार्टिशन 'हेल्दी' दिसतं आणि त्याला फक्त ड्राइव्ह लेटर (डी, ई असं अक्षर) नसतं. त्यावर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून एक अक्षर दिलं की काम संपलं. फॉरमॅटचा संबंधच येत नाही.

तिसरी पायरी: 'डबी फोडून आतली डिस्क थेट साटा केबलला लावा.' नका फोडू. साटा म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कची जोडणी. डब्ल्यूडी माय पासपोर्टसारख्या अनेक डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्याच बोर्डावर असतं, साटा कनेक्टर आत नसतोच. काही मॉडेलमध्ये डेटा त्या बोर्डावरच्या चिपमधून एनक्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहिला जातो, म्हणजे साटावरून वाचला तरी निव्वळ कचरा दिसेल.

'पोर्ट चालू ठेवून सुईने खरवडा आणि गंज काढायचा स्प्रे मारा.' पोर्टाच्या आत पाच व्होल्टची पट्टी आहे आणि भोवतालचं पत्र्याचं कवच ग्राउंड आहे. सुई दोन्हीला टेकली की शॉर्ट. काही बोर्डांवर आपोआप सावरणारा फ्यूज असतो म्हणून निभावतं, सगळीकडे तो असेलच असं नाही. स्प्रेचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही काढा. मग हवेचा झोत, लाकडी टूथपिक आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेला, धागे न सुटणारा कपडा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पूर्ण वाळल्याशिवाय सुरू करू नका.

'डिव्हाइस मॅनेजरमधले सगळे यूएसबी कंट्रोलर अनइन्स्टॉल करा.' डिव्हाइस मॅनेजर म्हणजे विंडोजमधली जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी, आणि कंट्रोलर म्हणजे पोर्ट सांभाळणारी चिप. सगळे कशाला? तुमचा माउस आणि कीबोर्ड त्यांच्यावरच चालतात, मधेच दोन्ही मरतात. पिवळं चिन्ह असलेली किंवा 'अननोन यूएसबी डिव्हाइस' म्हणून दिसणारी एकच नोंद काढा, ड्रायव्हर डिलीट करायच्या चौकटीत टिक करू नका आणि रीस्टार्ट करा. डिस्क थोड्या वेळाने आपोआप गायब होत असेल तर 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटखालची वीज वाचवायची टिक काढा, आणि पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

'बायोसमध्ये एक्सएचसीआय डिसेबल करा.' बायोस म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा, बोर्डातला मूळ प्रोग्रॅम. जुन्या इंटेल बोर्डांवर असं केल्यावर डिस्क दिसते खरी, पण २.० च्या वेगाने, कारण एक्सएचसीआय म्हणजे ३.० चा कंट्रोलर, तोच बंद केलेला असतो. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नव्हता, तेव्हाचा हा जुगाड आहे. विंडोज ८ पासून तो सोबतच येतो.

राहिली सातवी पायरी, वायर काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरणं. ही मात्र पुष्कळदा चालते. मेसेजने दिलेलं 'स्टॅटिक करंट निघून जातो' हे कारण चूक आहे. कॉम्प्युटर बंद असला तरी बोर्डाला स्टँडबाय वीज मिळत राहते आणि अडकलेला कंट्रोलर अडकलेलाच राहतो. वीज पूर्ण गेली की तो कोरा सुरू होतो. त्याआधी साधं रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हायची सोय) चालू असेल तर विंडोजचं 'शट डाउन' पूर्ण बंद करत नाही, 'रीस्टार्ट' मात्र करतं.

एवढं करूनही निळा पोर्ट डिस्क धरत नसेल आणि तीच डिस्क त्याच केबलने दुसरीकडे चालत असेल, तर पोर्ट गेला. डेस्कटॉपला पीसीआय एक्सप्रेसच्या रिकाम्या स्लॉटात यूएसबी ३.० चं कार्ड बसतं. कार्डावर विजेचा वेगळा कनेक्टर असेल तर त्याला एसएमपीएसची (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर लावायचीच, नाहीतर पुन्हा करंट कमी पडेल. लॅपटॉप असेल तर दुरुस्तीवाल्याला आधी विचारा की हा पोर्ट मदरबोर्डवर आहे की वेगळ्या छोट्या बोर्डावर. अनेक मॉडेलमध्ये एका बाजूचे पोर्ट रिबन केबलने जोडलेल्या छोट्या बोर्डावर असतात आणि तेवढाच बोर्ड बदलता येतो.