दिवाळखोरी घ्या, पण जामीनदाराचं काय?
तुमच्या लेखात लिहिलंय की कर्ज डोईजड झालं तर सरळ दिवाळखोरी जाहीर करा, 2016 च्या दिवाळखोरी कायद्यानं वाट मोकळी केलीय. तेवढं सोपं नाही हो. त्या कायद्यातला व्यक्तींचा भाग डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तोही फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. आमच्यासारख्यांना कोल्हापुरात अजून 1920 चा इंग्रजांच्या काळातला नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचाच, जुना कायदा. त्यात अर्जासाठी कर्जाची किमान मर्यादा किती? पाचशे रुपये! आज पाचशेत चौघांची मिसळ तरी होते का बघा.

माझ्या मेव्हण्याचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. सगळं बुडाल्यावर आम्ही वकिलाकडे गेलो. कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, बायकोचं मंगळसूत्र यांवर जप्ती येत नाही, हे ऐकून बहीण पहिल्यांदा नीट श्वास घेऊन बसली. पण पुढचं ऐकून मेव्हणा उठलाच. कोर्टानं त्याला कर्जातून मोकळं केलं तरी जामीनदार सुटत नाही. पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सह्या कुणाच्या? शेजारच्या शेडवाल्याची आणि माझी. फाईल तिथंच मिटली.

शेवटी गावाकडचं अर्धा एकर विकून पतसंस्थेशी तडजोड केली. खाजगी सावकार तेवढा राहिला होता. परवाना नसताना व्याजानं पैसे देणाऱ्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, 2014 चा कायदा आहे. नुसतं अर्ज टाईप करतोय म्हटल्यावर गड्याचे फोन बंद झाले.

लेखात जामीनदारावर एक ओळ तरी हवी होती.