खुलासा: मीठ टाकलं की कितीही थंडीत बर्फ वितळतो, हे खरं नाही

‘मिठात उष्णता असते, भरपूर टाकलं की कितीही थंडीत रस्ता मोकळा होतो, पालिका टाकत नाही म्हणजे कामचुकारपणा’ असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता. ती माझी चूक.

मीठ रस्ता तापवत नाही, पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं. त्यालाही मर्यादा आहे. साधं मीठ साधारण उणे ९ अंश सेल्सिअसपर्यंत नीट काम करतं, पुढे फार मंदावतं. २३ टक्के मिठाचं पाणीसुद्धा उणे २१ च्या आसपास गोठतंच. घरच्या फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ घालून ठेवा, सकाळी बर्फच मिळेल. म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात, किंवा चाकांना पकड मिळावी म्हणून वाळू पसरतात. वाळू दिसली म्हणजे काम टाळलं असं नव्हे. बर्फाचा मुख्य थर तर पुढे पातं लावलेले ट्रकच बाजूला ढकलतात.

शिवाय जास्तीचं मीठ ओढ्यानाल्यांत उतरतं, गाड्या आणि पूल गंजवतं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.