सफारीची मागची स्प्रिंग म्हणजे ट्रकचा पाटा नव्हे

पावसाळा सरला की हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘जुन्या टाटा सफारीची मागची कॉइल स्प्रिंग तुटली तर घाबरू नका. तुटका वेढा काढून टाका, नाहीतर वेल्डिंग मारा. बदलायचीच तर तुटली तेवढीच बदला; जोडी घ्यायला लावणारा मेकॅनिक लुटतोय. स्प्रिंग कम्प्रेसरही (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) लागत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीची तिन्ही खपतात.

लिहिणाऱ्याचा हात पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक पानं रचलेल्या लीफ स्प्रिंगच्या गाड्यांवर बसलेला दिसतो. पाट्यांत एक पान तुटलं तरी बाकीची पानं भार घेतात, गाडी गावापर्यंत येते. तेवढं एकच पान बदलता येतं, बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान मारून घेता येते. पण 1998 साली आलेल्या जुन्या सफारीला मागे कॉइल आहे. तिथे हाउसिंग (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा अ‍ॅक्सलचा आडवा डबा) जागेवर धरायचं काम पाच दांड्या करतात आणि भार पेलायला एका बाजूला एकच तार असते.

वेढा काढून टाका म्हणे. तुटतो तो बहुधा खालचा वेढा, कारण चिखल तिथेच साचतो आणि रंग तिथेच उडतो. हा वेढा बैठकीवर टेकलेला असल्याने फारसं काम करत नाही, म्हणून तो गेला तरी गाडी चालते, हे खरं. पण गाडी त्या बाजूला बसते, खड्ड्यात रबरी स्टॉपवर आदळते, आणि उरलेली स्प्रिंग तुटक्या टोकावर तिरकी उभी राहते. चाक खोल खड्ड्यात लोंबलं की ढिली झालेली स्प्रिंग बैठकीवरून सरकूही शकते. वर कुणी ‘सारखं करायला’ आणखी एखादा चालता, म्हणजे भाराने दबणारा वेढा कापलाच, तर स्प्रिंग नरम नाही, कडक होते. सात चालते वेढे असतील आणि एक गेला, तर कडकपणा सुमारे 17 टक्के वाढतो.

वेल्डिंगबद्दल फार बोलायची गरज नाही. स्प्रिंगच्या पोलादाला लवचीकपणा येतो तो ठरावीक तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा मंद तापवल्याने. वेल्डिंगने ते सगळं पुसलं जातं आणि टाक्याशेजारची तार काचेसारखी ठिसूळ होते. स्प्रिंग दबताना तार वाकत नाही, पिळली जाते. तो पीळ नेमका त्याच जागेवर येतो.

आता जोडी. तुटलेलं टोक हातात घेऊन बघा. बऱ्याचदा थोडा भाग गंजून काळा पडलेला दिसतो, उरलेला ताजा चकाकतो. काळा भाग म्हणजे आधीपासून पसरत आलेली चीर. दुसरी स्प्रिंग तितकीच वर्षं त्याच चिखलात, कोकणात असाल तर खाऱ्या हवेतही होती. समजा तार 14 मिमी आहे आणि गंजाने 13.5 झाली. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, म्हणजे 14 टक्के कमी. तारेवरचा ताण सुमारे 12 टक्के जास्त. अर्ध्या मिलिमीटरचा हा हिशोब! शिवाय नवी एका बाजूला उंच, जुनी दुसऱ्या बाजूला दबलेली. जोडी बसवून काही महिनेच झाले असतील तर मात्र एकच बदला, त्यात पाप नाही. भंगारातली घेणार असाल तर ती कुठल्या मॉडेलची, हे कळल्याशिवाय घेऊ नका.

आणि कम्प्रेसर? मागचं हाउसिंग अखंड असल्याने ते पुरेसं खाली आलं की स्प्रिंग मोकळी होते. कम्प्रेसर सहसा लागत नाही. पण मेसेज इथेच थांबतो. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, मागची बाजू उचलली की तो कामाचा नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, हाउसिंगखाली वेगळा जॅक हवा. शॉकअपच हाउसिंगला खाली जाऊ देत नाहीत, त्यांचे खालचे बोल्ट काढा, पण खाली जॅक असतानाच. मग हळूहळू उतरवा आणि नजर ब्रेकच्या रबरी नळीवर ठेवा; ती ताणली जाताना दिसली की थांबा. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बैठकीच्या खाचेला टेकलं पाहिजे, रबरी पॅडही नवेच घाला.

दांड्यांचे बोल्ट ढिले केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच आवळा. लोंबत्या हाउसिंगवर आवळले तर दांड्यांच्या टोकांच्या बुशातलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.