नोट द्या, इज्जत काढू नका

राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की परभणी, नांदेड, लातूरकडच्या तालमींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: "सर, मला नाही जमणार, दुसरं कुणीतरी बघा." दिग्दर्शक म्हणतात, आजकालच्या पोरांना बोलायची सोय राहिली नाही. पोरं म्हणतात, सर नोट, म्हणजे काम सुधारायची सूचना, देत नाहीत, इज्जत काढतात.

मला बहुतेक वेळा पोरांचं पटतं. 'अजून इमोशन आण', 'आतून येऊ दे', 'मजा येत नाहीये' हे ऐकून नटानं करायचं काय? तो आवाज चढवतो, डोळे मोठे करतो आणि दुसऱ्या दिवशी ओव्हरॲक्टिंग करतो म्हणून परत बोलणी खातो. भावना हुकमानं येत नाही, कृती मात्र करता येते, हे रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की सांगून गेला. तो वारला १९३८ साली. आमच्या तालमीत अजून पोचायचाय.

साधी गोष्ट घ्या. नव्या नटाचा श्वास पुरत नाही, तो वाक्याचा शेवट गिळतो. आणि आपल्या भाषेत नकार बसलेला असतो नेमका शेवटी. "मी तुझ्यासोबत येणार नाही" यातलं 'नाही' पाचव्या रांगेपर्यंत जातच नाही. प्रेक्षकाला वाटतं, निघाली बाई. आता "काय करायलीस गं, जेवून आली नाहीस का?" असं सगळ्यांसमोर ओरडायचं, की "'येणार'च्या आधी श्वास घे, 'नाही' समोरच्याच्या तोंडावर टाक" म्हणायचं? दुसरी नोट तिथल्या तिथं करून बघता येते. जमलं की नाही ते दोघांनाही कळतं, वाद घालायला जागाच उरत नाही.

बोलीवरून मारलेला टोमणा मात्र सगळ्यात वाईट. 'जातोय'ला 'जायलोय' म्हणणाऱ्या पोराला 'गावठी' म्हणणारे आपल्याच भागातले असतात, हे विशेष! पात्र पुण्यातला प्राध्यापक असेल तर उच्चार शिकवा, त्याला वेळ द्या. पण पात्र इथलंच, कोरडवाहू शेतकऱ्याचं, आणि त्यालाही बातम्या दिल्यासारखं बोलायला लावायचं?

पोरांनो, तुम्हालाही सांगतो. नोट चालू असताना "पण सर, मी ते असं केलं कारण..." सुरू करू नका. रात्रीचे दहा वाजलेले असतात, कुणाची शेवटची एसटी असते, कुणाच्या घरून तिसरा फोन आलेला असतो. लिहून घ्या. उद्या एकदा मनापासून करून दाखवा, तरी पटलं नाही तर सरांना बाजूला घेऊन खुशाल भांडा.

आणि रंगीत तालमीनंतर नवी नोट काढणाऱ्या दिग्दर्शकाला प्रयोग संपेपर्यंत विंगेत येऊच देऊ नये. चहा पाजून प्रेक्षकांत बसवावं.