गाडीला नावं ठेवण्याआधी बॅटरीचं झाकण उघडा

आज एका ग्रुपवर फोटो आला. यार्डात गवत वाढलेलं, त्यात बॅटरीवरच्या कचरागाड्या टायर बसलेल्या अवस्थेत उभ्या. खाली लिहिलंय, "इलेक्ट्रिकचं खूळ! शेवटी डिझेल ते डिझेल." आणि त्यावर हसणाऱ्यांची ही रांग. डोकंच फिरलं.

अहो, त्या गाड्या मेल्या नाहीत, मारल्यात. मी मेंटेनन्सवाला माणूस, हे डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या शेडमध्ये ट्रॉल्या ओढायला डिझेलचा ट्रॅक्टर होता. बंद शेड, दिवसभर धूर. चालवणारे काका संध्याकाळी नाक शिंकरायचे तर रुमाल काळा. (डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच पक्कं सांगितलंय.) मग बॅटरीचा टग, म्हणजे ट्रॉल्या ओढणारी छोटी गाडी, आला. फीत कापली, फोटो निघाले. काका म्हणाले, "साहेब, आता मागून कुणी हाक मारली तर ऐकू येतं."

वर्षही उलटलं नसेल, टग ओढेना. झाकणं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं, टर्मिनलवर निळसर-पांढरा थर. काका डिस्टिल्ड वॉटर मागून थकले होते. स्टोअर म्हणे इंडेंट (मागणीपत्र) आणा. इंडेंटवर सही करणारे म्हणे, हा खर्च डिझेलच्या हेडमध्ये बसत नाही! आता यावर काय बोलायचं?

शिवाय दोन शिफ्टला बॅटरी एकच. लेड-ॲसिड, म्हणजे ही पाणी घालायची बॅटरी, पूर्ण चार्ज व्हायला आठेक तास लागतात. रोज तळापर्यंत उतरवायची आणि अर्धवट चार्जवर पुन्हा पळवायची, मग प्लेटांवर सल्फेटचा थर चढून बॅटरी मरणार नाही तर काय? लिथियम बॅटरीला हा जाच नाही, जेवणाच्या सुट्टीतही लावता येते. महाग आहे, हो.

आणि काम तरी बघा ना. कचरागाडी दर चार दारांवर थांबते. गाडी थांबली तरी डिझेल इंजिन चालूच, डिझेल जळतच राहतं, मोटर थांबली की थांबली. ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परत. रूट ठरलेला, रात्री गाडी त्याच यार्डात. ब्रिटनमध्ये दूधवाल्यांनी अशाच लेड-ॲसिडच्या गाड्या कित्येक दशकं पहाटे दारोदार फिरवल्या. तिथे जमलं, कारण रात्री चार्जिंगला लावणं हा कामाचाच भाग होता.

बरं, भरलेला कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारा मोठा ट्रक) लांबच्या चढावर न्यायचा असेल तर दहादा विचार करा, मान्य. आवाज नसल्याने रिव्हर्स घेताना माणसाला कळत नाही, तेही मान्य, बझर लावा. "वीज कोळशाचीच ना?" असेल. पण तो धूर काकांच्या नाकासमोर तरी नाही.

टग भंगारात गेला. काका पुन्हा ट्रॅक्टरवर. कुठली गाडी हवी, हे त्यांना ना आधी कुणी विचारलं ना नंतर.

म्हणून टेंडर काढणाऱ्यांनो, गाडीच्या रंगाऐवजी हे लिहा: यार्डाचा वीजभार किती वाढवणार, पाणी कोण घालणार, बॅटरी संपली की नवीन कुठल्या पैशातून येणार. हे जमत नसेल तर फीत कापू नका.

आमच्या फीत कापणाऱ्यांना इथे टॅगच करणार होतो. पण नोकरी अजून चालू आहे.