‘एक रसिक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

लेस्टरशायर स्कूल्स सिम्फनी ऑर्केस्ट्रा या इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या वाद्यवृंदाने १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या, हॅवर्गल ब्रायन या इंग्रज संगीतकाराच्या दोन सिम्फनींच्या तबकडीवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक रसिक’ अशी सही करणाऱ्या कुणीतरी खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख भाबडा आहे. दोन्ही सिम्फनी जेम्स लॉक्रन यांनी संचालित केल्या हे विधान चूक आहे. वरच्या सप्तकात व्हायोलिनं बेसूर होतात, मग आज व्यावसायिक वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणं मिळत असताना ही तबकडी ऐकायची कशाला? आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘स्टुडिओत ब्लेड आणि चिकटपट्टी असली की शाळेची पोरंसुद्धा वाद्यवृंद ठरतात, वर नामांकित कंडक्टरचं नाव लावायचं की झालं.’

चूक आधी कबूल करतो. लॉक्रन यांनी फक्त हॅवर्गल ब्रायनची दहावी सिम्फनी संचालित केली. एकविसावी एरिक पिंकेट यांची, ज्यांनी १९४८ मध्ये हा वाद्यवृंद उभा केला. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. ‘अभ्यास न करता लिहिता’ हे त्यापुढचं वाक्य मात्र गाळलं असतंत तर आभार मानताना घशात काही अडकलं नसतं.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळतो. चांगले तुकडे जोडण्यासाठी ध्वनिमुद्रणाची क्वार्टर इंची टेप मी वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने कापली आहे, तेव्हा ब्लेडबद्दल मला शिकवू नका. व्यावसायिक मशीनवर टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर धावते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका १९ सेंटिमीटरचा आणि त्याचा चौथा हिस्सा पावणेपाच सेंटिमीटरचा. रिळं हाताने पुढेमागे फिरवत सुराचा आघात शोधायचा, मशीनमधल्या आवाज वाचणाऱ्या हेडसमोर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, टेप खाचेत बसवून ४५ अंशांत कापायची. तिरकी कापतात ती जोड हळुवार बसावी म्हणून: ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या टेपवर तो तिरकेपणा एका सेकंदाच्या साठाव्या भागाइतका पुरतो. काप आघाताच्या किंचित आधी हवा, म्हणजे नवा सूर जुन्या जोडाला झाकतो. लांबलेल्या सुराच्या मध्येच कापलं तर कान लगेच पकडतो.

एवढं सगळं जमलं तरी ब्लेड टेप रुंदीतून आरपारच कापते. लांबीने चिरून एखादंच वाद्य वेगळं काढता येत नाही. स्टिरिओ मास्टरवर, म्हणजे सगळी वाद्यं एकत्र असलेल्या मूळ टेपवर, कापलं की अख्खा वाद्यवृंद एकदम कापला जातो. चौथ्या हॉर्नचा सूर फुटला म्हणून फक्त चौथा हॉर्न बदलता येत नाही. त्यासाठी दुसरा टेक, म्हणजे त्याच भागाचं दुसऱ्यांदा केलेलं ध्वनिमुद्रण, लागतो, ज्यात हॉर्न बरोबर आहे, पण बाकीच्यांनीही तितकंच चांगलं वाजवलंय, लय तीच आहे, जोर तोच आहे आणि सूरही तोच आहे. टेपवर वेगवेगळ्या माइकसाठी जास्त ट्रॅक असले म्हणून सुटका नाही, कारण एकाच सभागृहात बसलेल्यांचा आवाज शेजारच्या माइकमध्ये शिरतोच.

यातली सर्वांत चिवट अडचण सुराची. फुंकवाद्यातली हवा एक अंश सेल्सियसने तापली की सूर साधारण तीन सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तंतुवाद्यांच्या तारा उष्णतेने सैलावतात आणि त्यांचा सूर उतरतो. सकाळच्या गार सभागृहातला टेक आणि दुपारचा टेक जोडला की सांधा बोलतो. म्हणून दर मध्यंतरानंतर ओबो या फुंकवाद्याकडून पुन्हा सूर घेतात, आणि दुरुस्तीचा टेक शक्यतो त्याच सत्रात, तोही दोन-चार बार (तालाची आवर्तनं) आधीपासून घेतात. नेमक्या जागेपासून सुरुवात केली तर मागच्या सुरांची घुमारी टेपवर नसते आणि जोडाशी एकदम भोक पडल्यासारखं वाटतं. रिकाम्या सभागृहात ही घुमारी आणखी लांबते. माणसं आणि कपडे आवाज शोषतात, रिकामी जागा परत फेकते.

‘पोरं’ म्हणालात ना? त्यांची खरी अडचण ब्लेडपाशी नसतेच, ती ओठांत आणि अंतरात असते. ट्रम्पेट वाजवणाऱ्या मुलाचे ओठ अजून पक्के झालेले नसतात. तोच उंच भाग सातव्यांदा वाजवताना सूर फुटतो, आणि आठव्या टेकने तो सुधारत नाही, बिघडतोच. म्हणून पितळी वाद्यांचे जड भाग सत्राच्या सुरुवातीला उरकायचे. आवाजाला एक मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. पंधरा मीटर मागे उभ्या असलेल्या टिंपनीवाल्याने (टिंपनी म्हणजे मोठे नगारे) पुढच्या व्हायोलिनांचं ऐकून वाजवलं तर पुढे त्याचा ठोका नव्वदेक मिलिसेकंद उशिरा पोचतो, कारण जायला एकदा आणि यायला एकदा. त्याने कानावर न जाता संचालकाच्या काठीकडे बघून वाजवायचं असतं. संचालक लागतो तो इथे. लॉक्रन त्या वेळी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते. असं नाव वेष्टनावर छापून ठोका जुळत नाही, त्यासाठी काठी स्पष्ट लागते.

त्यात दहावी सिम्फनी म्हणजे एकसलग रचना, मध्ये वादळ, त्यासाठी वाऱ्याचं यंत्र: कापडाखाली फिरणारा पट्ट्यांचा पिंप. कापड सैल असलं तर नुसती खसखस होते, आणि हँडलचा आस कुरकुरला तर माइक आधी तीच कुरकुर टिपतो. मैफिलीत ती विरून जाते, टेपवर कायमची राहते.

बेसूर व्हायोलिनांबद्दल: असतील. काही ठिकाणी आहेत. नंतरची ध्वनिमुद्रणं? मार्टिन ब्रॅबिन्स यांचं रॉयल स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राबरोबरचं दहाव्या सिम्फनीचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे, आपल्याकडेही असावं. त्यावर मी लेख लिहिला नव्हता. १९७२ च्या उन्हाळ्यात लेस्टरच्या डी माँटफर्ट हॉलमध्ये ही मुलं बसली तेव्हा ब्रायन ९६ वर्षांचा होता, बत्तीस सिम्फनी लिहून झाल्या होत्या, आणि त्यातली एकही तबकडीवर विकत मिळत नव्हती. नोव्हेंबरमध्ये तो गेला.

‘भाबडा’वर काय बोलणार? तो आपला अभिप्राय.

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची लिहाल तेव्हा खाली स्वतःचं नाव घाला.