दोन वीकेंड, दोन लाख आणि राजपुत्राची जॅग्वार

गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज आला. वर फोटो: हॅरी आणि मेगन लग्नाच्या संध्याकाळी टप उघडलेल्या जॅग्वार ई-टाइपमधून विंडसरच्या किल्ल्याबाहेर पडताहेत. खाली मजकूर: ‘ही १९६८ची गाडी आता इलेक्ट्रिक आहे. जुनी स्पोर्ट्स कार तुम्हीही घरच्या घरी इलेक्ट्रिक करू शकता. भंगारातली निसान लीफ घ्या, मोटर आणि बॅटरी काढा, बसवा. दोन वीकेंड, दोन लाख रुपये. ३०० किलोमीटर रेंज, मेंटेनन्स शून्य, पेट्रोलच्या बचतीत पैसे वसूल, गाडीची किंमत दुप्पट. परवानगीची भानगड नाही.’

तिसऱ्यांदा तो आला नाशिकच्या भाच्याकडून. सोबत एकच ओळ: ‘मामा, तू हेच केलंस ना?’

हो, हेच केलं. इथे ऑक्सफर्डशायरमध्ये आमच्या शेजाऱ्यांकडे १९७२ची एमजीबी जीटी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. ते जन्मभर फिटर, आता वय ७१, मी वीजवाला. गॅरेज त्यांचं, मल्टिमीटर माझा. वेळ लागला एकोणीस महिने. मेसेज निव्वळ थाप असती तर डिलीट करून मोकळा झालो असतो. पण भंगारातल्या लीफची, म्हणजे निसानच्या इलेक्ट्रिक गाडीची, मोटर जुन्या गाडीत बसते, हे खरं आहे, आणि तेवढ्या खऱ्यावर विसंबून कोणी तरी उद्या खरंच बॉनेट उघडेल.

आधी तो फोटो. ती गाडी घरी झालेली नाही. जॅग्वार लँड रोव्हरच्या कॉव्हेंट्रीतल्या क्लासिक विभागाने ती केली: २२० किलोवॉटची मोटर, ४० किलोवॉट-तासांची बॅटरी, आणि एवढं करून वजन मूळ गाडीपेक्षा ४६ किलो कमी. २०१७मध्ये ती पहिल्यांदा दाखवली, १९ मे २०१८च्या लग्नात जगाने पाहिली, त्याच वर्षी अशा गाड्या विकणार असं जाहीर झालं आणि २०१९च्या शेवटी बेत बाजूला ठेवला गेला. ज्यांनी मूळ गाडी घडवली त्यांनाही हा धंदा पुढे रेटावासा वाटला नाही. दोन वीकेंडचा दाखला म्हणून हा फोटो काय कामाचा?

आता ‘काढा, बसवा’. काढणं सोपं, ते आमचं एका शनिवारात झालं. बसवण्याचं बघा. लीफ पुढच्या चाकांवर चालते. तिची मोटर स्वतःच्या गिअर-डिफरन्शियलला जोडलेली असते. एमजीबीचं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणजे मोटर सुटी करून एमजीबीच्याच गिअरबॉक्सला जोडायची, मध्ये एक जाड अॅल्युमिनियमची प्लेट आणि दोन शाफ्ट जोडणारा कपलर. हे दोन शाफ्ट एका रेषेत हवेत, आणि रेष म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसते ती नव्हे. शेजाऱ्यांनी डायल गेज (केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारं मापक) लावला, मी हाताने शाफ्ट फिरवला, काटा हलला. प्लेट परत लेथवर. पुन्हा गेज, पुन्हा काटा. या एका प्लेटपायी तीन आठवडे गेले. मी दुसऱ्याच आठवड्यात ‘चालेल की’ म्हणालो होतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि प्लेट उचलून पुन्हा लेथकडे गेले. ते बरोबर होते: रेष चुकली तर बेअरिंग आधी रडतात, मग फुटतात.

शिवाय जोराचा प्रश्न. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन जास्तीत जास्त १४९ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं, तेही ३००० आरपीएमला. गिअरबॉक्स त्या हिशेबाने बनवलेला. लीफची नंतरची मोटर २५४ देते, आणि तेही जागेवरून सुटताना. मोकळं सोडलं तर पहिल्याच सिग्नलला दाते गोळा करायची पाळी. म्हणून कंट्रोलरमध्ये करंटला लगाम घालावा लागतो. तो घालायचा तर लीफचा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज एसी करून मोटरला देणारा डबा, तुमचं ऐकायला हवा, आणि तो ऐकत नाही. त्याला स्वतःच्या गाडीचा कॉम्प्युटर समोर लागतो. आतलं कंट्रोल बोर्ड बदलून ओपन सोर्सवाल्यांचं बोर्ड घालता येतं. आम्ही तेच केलं. पण वायरिंग, सेटिंग आणि ‘मोटर उलटी का फिरतेय’ यात माझा अख्खा हिवाळा गेला.

आणखी एक गंमत. इंजिन गाडी ओढण्याखेरीज किती कामं करत होतं, ते काढल्यावर कळतं. ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या सर्व्होला व्हॅक्यूम इंजिनकडून मिळायचा, आता त्यासाठी वेगळा पंप. हीटरला गरम पाणी इंजिनचं, आता वेगळा विजेचा हीटर, नाहीतर जानेवारीत समोरची काच दिसत नाही. दिवे-वायपरच्या १२ व्होल्टसाठी अल्टरनेटर होता, आता मोठ्या बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. भंगाराच्या लीफमधून यातलं बरंच निघतं. ते बसवायची जागा मात्र निघत नाही.

मेसेजमध्ये सुरक्षेबद्दल अवाक्षर नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे. लीफच्या २४ किलोवॉट-तासांच्या बॅटरीत ४८ मॉड्यूल, म्हणजे सेलचे सुटे डबे, असतात. एकेक मॉड्यूल साडेसात व्होल्टच्या आसपास, हातात धरा, काही होत नाही. म्हणूनच माणूस बेसावध होतो. सगळे ओळीने जोडत गेलात की ३६० व्होल्ट, पूर्ण चार्जला ४००च्या जवळ, आणि हे डीसी. घरातला एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीला ती नाही. जाळ धरला की धरला. साधा एसीचा स्विच किंवा फ्यूज इथे चालत नाही, डीसीसाठी बनवलेलाच लागतो. मेन तोडला तरी इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरांमध्ये काही वेळ चार्ज राहतो.

आम्ही सगळ्या पान्यांना टोकाएवढी जागा सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. हजार व्होल्टचे रबरी ग्लोव्ह्ज, घड्याळं बाहेर. शेजाऱ्यांची लग्नातली अंगठी सेहेचाळीस वर्षांत निघाली नव्हती. साबण लावून काढली आणि त्यांच्या बायकोने ती स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवली. एका संध्याकाळी बसबार (मॉड्यूल एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी) आवळताना माझ्या हातून एक वॉशर निसटला. आवाज आला, दिसला नाही. चाळीस मिनिटं आम्ही दोघं टॉर्च घेऊन ओणवे. दोन मॉड्यूलांच्या फटीत सापडला, प्लॅस्टिकच्या चिमट्याने काढला. त्या दिवशी पुढे काम केलं नाही. ज्याला या चाळीस मिनिटांचा कंटाळा येईल त्याने या वाटेला जाऊ नये.

रेंजचा हिशेब कागदावरच होतो. आमची बॅटरी २०१३ची. नवी असताना २४, आता जेमतेम १८ किलोवॉट-तास उरलेली. शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची नसते, म्हणून १६ धरा. एमजीबी किलोमीटरला साधारण १७० वॉट-तास खाते. भागाकार करा: ९४ किलोमीटर. ३०० हवे असतील तर अशा तीन बॅटऱ्यांहून जास्त लागतील. ४८ मॉड्यूलांचंच वजन १८० किलोंच्या वर जातं. बीडाचं इंजिन, रेडिएटर, टाकी, सायलेन्सर काढून जी बचत झाली ती एका बॅटरीत संपते. तीन घातल्या तर मागच्या स्प्रिंगचे पाटे बसतील, आणि ब्रेक १९७२चेच आहेत.

पैसे. आमच्या वहीत शेवटचा आकडा १४,००० पौंडांच्या थोडा पुढे आहे, म्हणजे पंधरा लाखांच्या वर, मजुरी फुकट धरून. वसुलीचं म्हणाल तर ही गाडी वर्षाला ३००० किलोमीटर फिरते. पूर्वी शंभराला १० लिटर, म्हणजे ३०० लिटर, १.४० पौंडाने ४२० पौंड. आता चार्जिंगमधली गळती धरून सुमारे १४० पौंडांची वीज. बचत २८०. १४,००० वसूल व्हायला ५० वर्षं. शेजारी तेव्हा १२१ वर्षांचे असतील. हा हिशेब मी त्यांना दाखवला तर म्हणाले, पेट्रोलचे पैसे वाचवायला मी एमजीबी घेतलीच नव्हती.

‘मेंटेनन्स शून्य’ मोटरपुरतं जवळपास खरं. पण पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनांना ग्रीस द्यावंच लागतं, आणि इंग्लंडच्या पावसात पत्रा गंजतो तो खाली मोटर आहे की इंजिन हे बघून नाही.

किंमत दुप्पट? जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिची भूमिका २०१९पासून स्पष्ट आहे: इलेक्ट्रिक केलेली गाडी त्यांच्या व्याख्येत ऐतिहासिक गाडी उरत नाही. बदल करायचाच तर मूळ भाग जपा आणि परत बसवता येतील असं करा, हा त्यांचा सल्ला. आम्ही एकही पत्रा कापला नाही, सगळं जुन्या बोल्टच्या भोकांवर घेतलं. इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर आहे, घोंगडीखाली. शेजारी महिन्यातून एकदा ते हाताने फिरवतात.

राहिली परवानगी. ब्रिटनमध्ये डीव्हीएलएला, म्हणजे वाहननोंदणीच्या सरकारी संस्थेला, कळवावं लागतं. गाडीत मूळ भाग किती उरले हे मोजणाऱ्या जुन्या गुणपद्धतीत बॉडीला ५, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला फक्त १. मूळ नंबर टिकवायला ८ लागत. इंजिन गेलं तरी आमचे १३ उरत होते. पण बॉडी कापली की ते पाचही धोक्यात, म्हणून पूर्वी काही जणांना नंबर गमवावा लागला. ऑगस्ट २०२५पासून नियम सैल झालेत: इलेक्ट्रिक केलेली गाडी मूळ नंबर ठेवू शकते. कळवणं मात्र सुटलेलं नाही. विमा कंपनीला सांगणं तर मुळीच सुटत नाही.

भारतात गोष्ट वेगळी आहे, आणि भाच्याला मी हेच सविस्तर लिहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर आहे सॅन स्टॉर्म, गोव्यात बनलेली ती दोन सीटची फायबरच्या बॉडीची गाडी. त्याच्या मित्राच्या काकांकडे एक उभी आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मनाला येईल तसे बदल करू देत नाही. इलेक्ट्रिक किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून मंजूर झालेलं हवं, ते अधिकृत माणसाने बसवायला हवं, आणि मग आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलायची. घरी जोडलेल्या लीफच्या मोटरला यात कुठेच जागा नाही. आणि गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर २०२१च्या नियमांतली व्हिंटेज नोंदणी मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते, तीही हातची जाईल.

‘म्हणजे करूच नको?’ त्याने विचारलं.

म्हटलं, स्टॉर्मसाठी कोणाचं मंजूर किट आहे का, हे आधी विचार. असेल तर मंजुरीच्या कागदाची झेरॉक्स मला पाठव, मग मोटरचं बोलू. तोवर काकांना म्हणावं, गाडीवर ताडपत्री टाका.